तात्यांचा १ जून

(दृश्य: मिरजेचं घर, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. झाकण उघडतं.)

ही ट्रंक माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची. घरात सगळे त्यांना तात्या म्हणायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही, फोटो बघितलाय फक्त. १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने लंडनला शिकायला गेले, मधे लढाई लागली, १९४६ मध्ये परत आले, पुढे रिटायर होईपर्यंत कॉलेजात शिकवलं, आणि त्या आठ वर्षांबद्दल घरात कुणाशी काही बोलले नाहीत. का नाही बोलले ते विचारायला आता त्या पिढीतलं कोणी उरलं नाही. ट्रंकेत ऑगस्ट १९३९ पर्यंतची पत्रं आहेत, एक लोकरीचा मफलर, लाल दोऱ्यात गुंडाळलेली जन्मपत्रिका, आणि नाताळची सात-आठ कार्डं. सगळी कार्डं एकाच बाईच्या सहीची, आणि ही बाई कोण हे घरात कुणालाच माहीत नाही.

म्हणजे बघा, लढाई सुरू झाली आणि नेमकी तिथेच पत्रं थांबली. पुढे हा माणूस कुठे राहिला, कुणाच्या घरात, कुणाबरोबर जेवला, काहीच नाही.

(दृश्य: जुनं रजिस्टर, पान उलटतं.)

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटन युद्धात उतरलं आणि दोनच दिवसांनी, ५ तारखेला, तिथल्या पार्लमेंटने राष्ट्रीय नोंदणीचा कायदा केला. देशातल्या प्रत्येक माणसाला ओळखपत्र द्यायचं होतं, रेशन सुरू करायचं होतं, कामाला आणि सैन्यात कोण मिळतंय ते बघायचं होतं. त्यात बॉम्ब पडतील म्हणून शहरातली लाखो मुलं खेड्यांत पाठवलेली, घरंच्या घरं विस्कटलेली, कोण कुठे आहे ते सरकारलाही धड माहीत नव्हतं. म्हणून दिवस ठरला, शुक्रवार, २९ सप्टेंबर. सुमारे ६५ हजार नोंदणीवाले घरोघर फॉर्म देऊन आले, आणि मग रविवार-सोमवारी परत त्याच दारात जाऊन भरलेला फॉर्म तपासून घ्यायचा आणि उभ्या उभ्या प्रत्येकाचं ओळखपत्र लिहून द्यायचं. इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे ४ कोटी १० लाख माणसं, आणि हे सगळं हाताने, पेनाने लिहिलेलं. तेच हे १९३९ चं रजिस्टर.

आज घराण्याचा इतिहास शोधणारे लोक या रजिस्टरवर इतका जीव का टाकतात त्याला कारण आहे. १९३१ च्या तिथल्या जनगणनेचे कागद डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळून गेले, तेसुद्धा बॉम्बने नाही, हेझ नावाच्या गावातल्या गोदामात साधी आग लागली आणि सगळं गेलं. १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. १९५१ चे कागद शंभर वर्षं उघडायचे नाहीत असा नियम, म्हणजे ते २०५२ शिवाय दिसणार नाहीत. मग १९२१ नंतरची तीस वर्षं अशी की त्यात घरोघरची माणसं दिसतात ती या एका रजिस्टरमध्येच. आपल्याकडे तर जनगणनेचे घरोघरचे कागद जपायची पद्धतच नव्हती, आपण घराणं शोधायला नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघतो, त्यामुळे तात्या लंडनमध्ये होते म्हणून आम्हाला हे दार उघडं होतं हे मला सारखं जाणवत होतं.

मूळ रजिस्टरं लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत, आरजी १०१ या नंबरखाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये फाइंडमायपास्ट या घराणं शोधायच्या वेबसाइटने ती ऑनलाइन आणली. पान बघायला पैसे पडतात, पण क्यूला स्वतः गेलात तर तिथल्या कॉम्प्युटरवर फुकट बघता येतं.

जनगणनेत नुसतं वय लिहितात, या रजिस्टरमध्ये मात्र पूर्ण जन्मतारीख आहे, दिवस महिना साल, आणि त्यामुळे नाव चुकलं तरी माणूस तारखेवरून सापडतो. मला वाटलं झालं काम, आपल्याकडे तर पत्रिका आहे!

(दृश्य: पत्रिका उलगडते. बोट ओळीवरून फिरतं.)

शके १८३६, भाद्रपद वद्य, पहाटे साडेतीन. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पौषात जानेवारी लागल्यावर ७९, म्हणजे इथे १९१४, सप्टेंबर. तिथीवरून तारीख काढली, आणि मग आठवलं की आपला वार सूर्योदयाला बदलतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री, म्हणजे पहाटे साडेतीनचा जन्म पत्रिकेत आदल्या वाराला धरलेला असणार, पण इंग्रजी तारीख पुढची. म्हणून दोन्ही तारखा टाकून बघितल्या. आडनाव टाकून, आडनाव न टाकता, स्पेलिंग सात प्रकारे बदलून. तीन आठवडे गेले आणि हाती काही नाही. वाईट वाटलं, खरंच, कारण मला वाटायला लागलं होतं की तात्या त्या रात्री कुणाच्याच यादीत नव्हते.

आत्याला फोन केला. आत्या आता सत्त्याऐंशीची. ती म्हणाली, "अरे, पत्रिकेतली तारीख कशाला घेऊन बसलास? तात्याकाकांचा शाळेत १ जून घातलेला. माझ्या बाबांचाही १ जूनच. गुरुजी सगळ्यांचा तोच घालायचे."

शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, नाव घालायला नेलं की गुरुजी अंदाजाने १ जून लिहून मोकळे, आणि मग दाखल्यावर तेच, मॅट्रिकला तेच, पासपोर्टवर तेच. आजही कुठल्याही मराठी घरात आजी-आजोबांचे वाढदिवस विचारा, १ जून निघतोच. हे मला माहीत असूनही सुचलं नाही. लंडनमध्ये दारात फॉर्म आला तेव्हा तात्यांनी पासपोर्टवरची तारीख सांगितली असणार, परक्या देशात लढाईच्या दिवसांत कोण तिथी सांगत बसेल.

१ जून १९१४ टाकलं, लंडनमधलं हॅम्पस्टेड टाकलं, आणि सापडले.

(दृश्य: रजिस्टरचं पान, हळूहळू जवळून.)

आडनाव का सापडत नव्हतं ते आता कळलं. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो, आणि लिहिणाऱ्याला यातलं काय काय आहे ते समजलं नसणार, त्याने आडनावाच्या रकान्यात माझ्या पणजोबांचं नाव लिहिलंय. स्पेलिंग चुकलेलं, पण उच्चारून बघितलं की कळतं. मिरजेबाहेर कधी फारसे न गेलेले माझे पणजोबा लंडनच्या एका सरकारी वहीत आडनाव होऊन बसलेत. त्यापुढे पुरुष, जन्मतारीख, अविवाहित, विद्यार्थी. आणि पानाच्या अगदी कडेला अर्धवट कापलेली तीन अक्षरं, ए.आर.पी., म्हणजे हवाई हल्ल्यापासून लोकांना वाचवण्याचं काम, ते स्वयंसेवक झाले होते. पंचवीस वर्षांचा मुलगा, स्वतःचा देश नाही, आणि रात्री अंधारात त्या गल्लीत लोकांना सांभाळायला तयार! याबद्दल घरात एक शब्द नाही बोलले.

त्यांच्या वरच्या ओळीत घरमालकीण, विधवा. धंदा म्हणून लिहिलंय, बिनपगारी घरकाम. त्या रजिस्टरमध्ये लाखो बायकांपुढे हेच लिहिलेलं आहे. ती भाडेकरूंचा स्वयंपाक करत असेल, धुणं करत असेल, खिडक्यांना काळे पडदे शिवत असेल, सगळं त्या दोन शब्दांत. तिच्याखाली मुलगी, जन्म १९१६, टायपिस्ट. आणि तिच्याखाली एक ओळ पूर्ण काळी.

ती काळी पट्टी म्हणजे बंद नोंद. ज्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली नाहीत आणि मृत्यूची नोंद हाती नाही, त्याची ओळ झाकून ठेवतात. सुरुवातीला मला राग आला होता पण आता पटतं. कारण याच युद्धात नेदरलँड्समध्ये ज्यू लोकांना शोधून काढायला जर्मनांनी अशीच लोकसंख्येची रजिस्टरं वापरली, इतकी की मार्च १९४३ मध्ये तिथल्या प्रतिकार गटातल्या लोकांनी जीव धोक्यात घालून अॅमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय स्फोटाने उडवलं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना नंतर गोळ्या घातल्या.

तुमच्या घरातलं कोणी त्या काळात तिकडे असेल तर दोन-तीन गोष्टी. ट्रंकेत जुनं ब्रिटिश ओळखपत्र असेल तर टाकू नका, त्यावरची सुरुवातीची अक्षरं त्या भागाची असतात, पुढचे आकडे घराचे आणि माणसाचे, थेट पानावर नेतात. विद्यार्थी असेल तर फक्त लंडन धरून बसू नका, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स युद्धात केंब्रिजलाच हललं होतं. आणि सैन्यात भरती झालेली माणसं किंवा त्या रात्री समुद्रावर असलेले खलाशी यात नाहीत, आपले रत्नागिरीकडचे किती लोक ब्रिटिश बोटींवर होते, ते इथे सापडायचे नाहीत. जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट बघा, फुकट आहे, काही नोंदींत बापाचं नाव आणि गावसुद्धा दिलेलं असतं.

(दृश्य: पुन्हा तेच पान. टायपिस्ट मुलीची ओळ.)

आता परत या ओळीकडे. मुलीचं आडनाव खोडलंय आणि वर हिरव्या शाईने दुसरं लिहिलंय. हे रजिस्टर युद्ध संपल्यावर कपाटात गेलं नाही, ओळखपत्रं १९५२ मध्ये बंद झाली पण तोवर तिथली सरकारी आरोग्यसेवा १९४८ ला सुरू झाली होती आणि तिने हीच वही पुढे चालवली, पार १९९१ पर्यंत. बाईचं लग्न झालं की जुनं नाव खोडून नवं लिहायचे.

पानाची प्रिंट काढून आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावला, तात्यांच्या ओळीवर बोट ठेवलं, वाचून काढली, मग वरची वाचली, मग खालची, आणि त्या हिरव्या आडनावापाशी थांबली. म्हणाली, "हे मी वाचलंय कुठेतरी."

उठली, ट्रंकेतली नाताळची कार्डं काढली आणि एकेक उघडून सही बघायला लागली. तेच आडनाव. ते मी इथे सांगत नाही, तिची मुलं-नातवंडं तिकडे कुठेतरी असतील. शेवटचं कार्ड १९७१ चं आहे, पाकिटावर मिरजेचा पत्ता अगदी बरोबर, बोळाच्या नावासकट, टाइप केलेला.