वर्गणीचा पैसा कुठल्या खात्यात?

मित्रहो, आपल्याकडे जशी भिशी, तशी इंडोनेशियात ‘अरिसान’. सगळ्यांनी ठरलेली रक्कम काढायची आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने ती उचलायची. अशा देशात इंटरनेटवरची वर्गणी, म्हणजे क्राउडफंडिंग, परकी वाटली नाही. २०१३ साली निघालेलं ‘किताबिसा’ हे वर्गणीचं संकेतस्थळ तिथे चांगलंच रुजलं. पैसा जमतो. तो कुठल्या नावाने आला आणि कुठल्या कामाला लागला, हा खरा प्रश्न आहे.

जकात, म्हणजे इस्लाममधलं सक्तीचं दान, वेगळी; सदका, म्हणजे स्वखुशीचं दान, वेगळा; गुंतवणूक वेगळी. ८५ ग्रॅम सोन्याच्या किमतीइतकी संपत्ती वर्षभर बाळगली तर तिच्यावर अडीच टक्के जकात. ती कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुराणात ठरलेले आहेत: गरीब, कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले वगैरे. जकातीतून एखाद्या बाईचं सावकाराचं देणं फेडता येतं. सदक्याला एवढी बंधनं नाहीत. गुंतवणूक तर परतच करायची असते. म्हणून तीन खाती हवीतच; एकत्र केलं की धंद्यातली खोट गरिबाच्या हक्काच्या पैशातून भरली जाते.

कार्यालयाचा खर्चही असाच हळूच शिरतो. तिथल्या १९८०च्या नियमानुसार जमलेल्या देणगीतून खर्चापोटी १० टक्क्यांपर्यंतच कापता येतात. ‘अक्सी चपत तंगाप’ ही मोठी संस्था सरासरी १३.७ टक्के कापत होती. जुलै २०२२मध्ये सरकारने तिचा वर्गणी गोळा करण्याचा परवाना काढून घेतला.

आता गुंतवणुकीचं बघू, कारण माणूस कायमचा उभा राहतो तो इथे. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, करणाऱ्या बाईला भरडणीयंत्र हवंय. समजा त्याची किंमत ६० लाख रुपिया. १२० जणांनी ५० हजार घातले. इस्लाममध्ये व्याज चालत नाही, म्हणून मुराबाहा: यंत्र आधी आपण विकत घ्यायचं, ताब्यात घ्यायचं, मग मूळ किंमत आणि नफा दोन्ही सांगून ६६ लाखांना तिला विकायचं. साडेपाच लाखांचे बारा हप्ते. ठरलेली किंमत नंतर एका रुपियानेही वाढत नाही.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, यंत्राऐवजी रोख रक्कम हातात दिली जाते. ती मुलांच्या फीत जाते. वस्तूच नाही म्हटल्यावर तो व्यवहार नुसता व्याजी कर्ज होऊन बसतो. पैसे थेट दुकानदाराला द्या, पावती आणि यंत्राचा नंबर घ्या. दुसरं, यंत्र आलं पण खेळतं भांडवल नाही. तिथलं सोयाबीन बहुतेक आयातीचं, त्यामुळे भाव चढला की यंत्र झाकून ठेवावं लागतं आणि हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला दारात उभा. म्हणून सोयाबीनची पहिली पोतीही त्याच मुराबाहात घ्या आणि पहिल्या हप्त्याआधी दोन महिने मोकळे सोडा.

तरीही हप्ता चुकला तर? ऐपत असून टाळणाऱ्याला दंड लावता येतो, पण तो गुंतवणूकदाराचा नफा होत नाही, समाजकार्याच्या खात्यात जातो. जिला खरंच जमत नाही, तिला दंड नाही. तिला मुदत वाढवून द्यायची.