एक मिनिट म्हणजे पूर्ण एक मिनिट

नमस्कार मंडळी. बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. नर्सिंगची ट्यूटर म्हणून रिटायर झाले तरी लोकांच्या फोनमधून काही रिटायर झाले नाही, आणि प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, एमबीबीएसला नंबर लागत नाहीये, मग नर्सिंगला टाकू का पोरीला?" आता यातला तो 'मग' आहे ना, तो मला खुपतो. टाकू का म्हणे! पोरगी काय पत्र आहे का पेटीत टाकायला? डॉक्टर व्हायचं होतं म्हणून नर्सिंगला आलेली पोरं पहिलं वर्षभर रुसून बसतात, त्यातली निम्मी नंतर रमतात आणि बाकीची चार वर्षं दुसऱ्याच्या घरात राहिल्यासारखी काढतात. म्हणून आधी पोरीला विचारा, पोराला विचारा, मग मला फोन करा.

आता कोर्सचं पटपट सांगते, पेन हाताशी असेल तर घ्या. एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, दोन वर्षं, जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं. परत सांगते, दोन, तीन, चार. बी.एस्सी.ला बारावी सायन्स लागतं, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश, ओपनला ४५ टक्के, वय १७ पूर्ण, आणि आपल्याकडे सीईटी द्यावी लागते. एएनएमला आर्ट्सची बारावीसुद्धा चालते. जीएनएम करून नोकरी धरली आणि पुढे डिग्री करावीशी वाटली तर पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे, दोन वर्षांचं, म्हणजे कुठूनही सुरू केलं तरी वाट बंद होत नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा दोनच गोष्टी बघा. मान्यता बघा, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का, आणि दवाखाना बघा. दवाखाना! कॉलेजच्या दारात कारंजं आहे, रिसेप्शनला सोफा आहे, सगळं झकास, पण पोरं शिकणार कुठे? पेशंट कुठेत? स्वतःचं हॉस्पिटल आहे का, खाटा भरलेल्या असतात का, वॉर्डात जाऊन डोळ्यांनी बघून या. दोन मजली होर्डिंग आणि पोरांना ड्युटीला बसने लांबच्या नर्सिंग होमला पाठवतात, असलं असेल तर सरळ घरी या.

घरच्यांचं एक असतंच, "रात्रपाळ्या, परक्या माणसांचं सगळं करायचं, आपल्यात कुणी केलंय का असलं?" अहो, १९०९ साली पुण्यात सेवासदन निघालं, रमाबाई रानडे अध्यक्ष होत्या, तिथून घरंदाज घरातल्या मुली, त्यात विधवाही, नर्सिंग शिकायला ससूनला जायच्या. तेव्हाच्या पुण्यात! लोक काय काय बोलले असतील विचार करा. आणि तुम्ही आत्ता, हातात मोबाईल घेऊन, विचारताय आपल्यात कुणी केलंय का. मुलांनीही यावं, बरं का, ब्रदर लोकांची वॉर्डात फार गरज असते, आणि ती फक्त पेशंट उचलायला असते असं समजणाऱ्यांशी मी बोलत नाही.

बरं. आता मला जे सांगायचंय ते सांगते, त्यासाठीच मी स्टुडिओत आलेय.

टीपीआर म्हणजे टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन. ताप, नाडी, श्वास. पहिल्या सहामाहीत नर्सिंग फाउंडेशन नावाचा विषय असतो त्यात हे शिकवतात, आणि पोरांना वाटतं हे काय, हे तर आमच्या आईला येतं. ताप बघतात, नाडी बघतात, आणि श्वास? श्वास मोजत नाही कुणी. खरं सांगते, कुठल्याही वॉर्डातली फाइल उघडा, श्वासाच्या रकान्यात १८, १८, २०, १८. सगळा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय! निरोगी मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात म्हणून त्यातलाच एक आकडा टाकायचा आणि पुढच्या खाटेकडे जायचं.

तर आमच्याकडे एक पोरगी होती, किनवटकडची, पहिल्या वर्षाला. नाव नाही सांगत, तिला आवडणार नाही. शाळा सगळी मराठीतून झालेली, अॅनाटॉमीच्या तासाला नुसती बघत बसायची, इंग्लिश शब्द वहीत मराठीत लिहून घ्यायची, 'स्कॅप्युला' वगैरे. पण डोळा असा तयार, की वॉर्डात कुणाच्या खाटेखालचा डबा बदललाय तेही तिला कळायचं. ऑर्थोच्या बायकांच्या वॉर्डात पोस्टिंग होतं. तिथे एक आजी होत्या, अंगणात पाय घसरून मांडीचं हाड खुब्याशी मोडलेलं, पायाला दोरी बांधून वजन लोंबकळत ठेवलेलं, ऑपरेशनची तारीख मिळायची होती, आणि तोपर्यंत उताणं पडून राहायचं. आजी म्हणजे बोलकं मशीन हो. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं माहेर, सासर, जमिनीची वाटणी, सगळं त्यांना पाठ, झाडायला येणाऱ्या मावशींचा मुलगा कितवीत नापास झाला तेही पाठ.

ही पोरगी सकाळी ट्रे घेऊन गेली. आता श्वास कसे मोजायचे ते ऐका, यात मेख आहे. पेशंटला सांगायचं नाही की मी श्वास मोजतेय. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, तुम्हीही आत्ता घेताय बघा, मी बोलल्याबरोबर. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, बोटं तशीच ठेवायची, पेशंटला वाटतं अजून नाडीच चाललीय, आणि आपण बघायचं छातीकडे. आणि मोजायचं पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, पंधरा सेकंद मोजून चौपट तर अजिबात नाही. पूर्ण एक मिनिट. सेकंद काटा असलेलं घड्याळ लागतं त्याला, आणि हल्ली पोरांच्या हातात जे असतं ना, मनगटावर मेसेज येणारं, ते पोस्टिंगला नको म्हणते मी, निम्मं लक्ष त्या मेसेजात.

तर हिने मनगट धरलं आणि आजी सुरू. "काय गं बाई, तुझ्या गावाला पाऊस झाला का?" मोजणं गेलं. परत सुरू. "मायबाप काय करतेत?" परत गेलं. बोलणाऱ्या माणसाचे श्वास मोजता येत नाहीत, कारण तो बोलण्याच्या मध्ये मिळेल तसा श्वास घेतो. तिसऱ्यांदा आजी म्हणाल्या, "कव्हाची हात धरून बसलीस, लगीन जमवायलीस का माझ्याशी?" सगळा वॉर्ड हसला, ही पण हसली. पण हसता हसता हिच्या ध्यानात काय आलं, की आजी अशा बोलत नाहीत. काल त्या एका दमात अख्खी जमिनीची वाटणी सांगायच्या, आज दोन शब्द बोलतात, थांबतात, दोन शब्द, थांबतात. लगीन... जमवायलीस का... माझ्याशी. असं.

मग तिने काय केलं? ट्रेमधला थर्मामीटर उचलला आणि आजींच्या तोंडात दिला! पाऱ्याचा थर्मामीटर होता, जिभेखाली धरायचा, ओठ मिटायचे, दोन-तीन मिनिटं बोलायचं नाही. झालं, मशीन बंद. आता हे ऐकून एखादी ट्यूटर माझ्यावर उखडेल, की धाप लागलेल्या पेशंटला तोंडात थर्मामीटर देऊ नये असं पुस्तकात लिहिलंय. बरोबर लिहिलंय. पण धाप लागलीय हे त्या घडीला माहीत कुणाला होतं? चार्टवर तर १८ होते. (आणि हल्लीचं ते कपाळासमोर धरायचं पिस्तूल, त्याने ताप कळतो म्हणे क्षणात, पण नर्स पेशंटजवळ तीन मिनिटं उभी राहायची ती गेली ना.)

हिने मोजले, ३४. हिला वाटलं आपलंच चुकलं. परत मोजले, ३२. फाइल घेऊन माझ्याकडे आली, "मॅडम, बत्तीस येतायत." इन्चार्ज सिस्टर टेबलावर इंडेंट, म्हणजे स्टोअरमधून मागवायच्या सामानाची यादी, लिहीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पहिल्या वर्षाची आहे, छातीचं वर जाणं एक आणि खाली येणं एक असं मोजलं असेल, निम्मे कर." होतं असं, नवी पोरं करतात. पण ही हटली नाही. "नाही सिस्टर, वर-खाली मिळून एक धरला. आणि आजी आज तुटक बोलतायत." हे 'तुटक बोलतायत' ऐकलं आणि मी उठले.

मी जाऊन बघितलं तर ताप नाही, बीपी चांगलं, आजी मला बघून हसल्या. कुणीही म्हणेल ठीक आहेत. पण पायाशी उभं राहून बघितलं तर पदराची कड भराभर वर-खाली होत होती, नाकपुड्या फुलत होत्या आणि गळ्याजवळचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. निवासी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी आजींना जरा कुशीला धरून पाठीला स्टेथोस्कोप लावला, उजव्या बाजूला खाली आवाज वेगळा. खाटेवरच एक्स-रे काढला. न्यूमोनिया! म्हाताऱ्या माणसांचं पुष्कळदा हे असं असतं, ताप येत नाही, खोकला फारसा नाही, नुसता श्वास वाढतो. ताप यायच्या आधी, बीपी पडायच्या आधी, श्वास सांगून जातो. परत सांगते, श्वास आधी सांगतो.

ऑक्सिजन लागला, अँटिबायोटिक सुरू झालं, त्या रात्री आयसीयूत हलवलं. आजी वाचल्या. पुढे ऑपरेशन झालं, वॉकर धरून चालायलाही लागल्या, आणि बोलणं दुप्पट. घरी जायच्या दिवशी त्यांनी त्या पोरीला जवळ बोलावून गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि नातवाचा फोटो काढला पिशवीतून. म्हणजे लग्न जमवायचं खरंच मनात होतं! पोरगी म्हणाली, "आजी, अजून अॅनाटॉमीचा पेपर निघायचाय." निघाला पेपर. आज ती एका जिल्हा रुग्णालयात स्वतः इन्चार्ज आहे, आणि तिच्या वॉर्डात १८, १८, १८ लिहून दाखवा तुम्ही.

आता तो न्यूमोनिया झाला कशाने? पडून राहण्याने. माणूस उताणा पडून राहिला की छातीत खालच्या बाजूला कफ साचतो, आणि पाठीला, टाचांना, माकडहाडाला जखमा होतात, त्या बेडसोर. म्हणून खोल श्वास घ्यायला लावायचे, डोक्याकडची बाजू उचलायची, आणि ज्याला हलवता येतं त्याची दर दोन तासांनी कूस बदलायची. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या, त्याच हॉस्पिटलातल्या नर्स त्या, आणि तिथल्या नर्सेसनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं केलं. २०११ साली सुप्रीम कोर्टाने त्यांच्या दयामरणाच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा इतक्या वर्षांत बेडसोर झाला नाही याची मुद्दाम दखल घेतली गेली. नर्सिंग म्हणजे नक्की काय असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि गप्प बसते. घरात कुणी आजारी असेल त्यांनीही ऐका, ते पावडर चोळणं आणि भोवती नारळपाण्याची रांग लावणं राहू द्या, आधी कूस बदला.

वेळ थोडा राहिलाय, काचेपलीकडून हात दाखवतायत मला. गणिताची भीती असलेल्या पोरांनो, सलाईनची ५०० मिलीची बाटली आठ तासांत द्यायची, सेट, म्हणजे सलाईनची नळी, मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? साधारण २१. असली गणितं रोज एक सोडवा, ती सरकारी भरतीच्या परीक्षेतही येतात, एम्सच्या नर्स भरतीची नॉरसेट परीक्षा असते तिलाही येतात, आणि मुख्य म्हणजे रात्री दोन वाजता वॉर्डात येतात. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन करा, त्याशिवाय ड्युटी नाही, आणि ते वेळेवर रिन्यू करत जा. जर्मनीला जायचंय म्हणणारे खूप भेटतात हल्ली, जा की, पण तिथे बी-टू लेव्हलचं जर्मन लागतं, ते एजंट नाही शिकणार तुमच्यासाठी, आणि अॅडव्हान्स मागणाऱ्या एजंटाला मूळ सर्टिफिकेट देऊ नका. मूळ सर्टिफिकेट कुणालाच देऊ नका.

अॅडमिशनसाठी डोमिसाइल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेयर, जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाका, तहसीलला जूनमध्ये रांग असते. आणि हिपॅटायटिस बी ची लस, पहिली पोस्टिंग लागायच्या आधी सुरू करा, तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, तो तिसरा सगळे विसरतात. कॅलेंडरवर लिहून ठेवा. नमस्कार.