कुंडल रोडच्या माळावर

पुणे-मिरज लोहमार्गावरचं हे स्टेशन. आज पाटीवर 'किर्लोस्करवाडी' आहे. 1910 साली ते कुंडल रोड होतं, आणि रुळांपलीकडं नुसता खडकाळ माळ. हा समोर दिसतोय ना निवडुंग, तोच तेव्हा सगळीकडं माजला होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरांचा कारखाना आधी बेळगावात होता. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना हा माळ देऊ केला. 32 एकर जमीन आणि 10,000 रुपये बिनव्याजी. 10 मार्च 1910 रोजी इथं कामाला सुरुवात झाली. सोबत सुमारे 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं.

निवडुंग जरा जवळून पाहा. याचं एक पान मातीत पडलं तरी मूळ धरतं. वरवर तोडून भागत नाही, मुळासकट खणावा लागतो. शिवाय त्याच्या आडोशाला साप. अशा जागी बायकापोरांनी राहायचं, तर घरं कुठं बांधायची, पाणी कुठून आणायचं, धान्य कुणी भरायचं? हा सगळा भार लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा यांनी उचलला. गावाची आखणी त्यांची, रोजचा कारभारही त्यांचाच. वाडीची गोष्ट नेहमी यंत्रांपासून सुरू होते. खरं तर ती रामूअण्णांपासून सुरू व्हायला हवी. रात्री निर्धास्त झोपता आलं आणि सकाळी चूल पेटली, म्हणून भट्टी पेटली.

आणि रात्रीचा पहारा कुणाकडं? तुकाराम आणि पिऱ्या यांच्याकडं. दोघंही शिक्षा झालेले गुन्हेगार. लक्ष्मणरावांनी त्यांच्यावर विश्वास टाकला आणि अख्खी वस्ती त्यांच्या भरवशावर झोपू लागली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हाही लक्ष्मणरावांचा दंडक. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

हा लोखंडी नांगर. लाकडी नांगर माती चिरत जातो. हा ती उलथून टाकतो, हराळीच्या मुळ्या उन्हात उघड्या पडतात. लोखंडानं जमीन नासते, असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळं बेळगावात पहिले नांगर बराच काळ पडून राहिले होते. वाडीत मात्र याच नांगरावर घरं चालू लागली. पुढं उसाचे चरक आले, पंप आले, कारखाना वाढला, स्टेशनानंही वाडीचं नाव घेतलं.

आता ही मासिकं. 1920 साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. सुरुवातीला कारखान्याचं माहितीपत्रक, बघता बघता घरोघरी वाचलं जाणारं मासिक. त्यातूनच पुढं 1930 साली 'स्त्री' निघालं. बाईचं शिक्षण, तिचं लग्न, तिची मिळकत यांवर उघडपणे लिहिणारं हे मासिक मुंबई-पुण्यातून निघालेलं नव्हतं. ते निघालं या माळावरून.