हद्द असलेली शाळा आणि हद्द नसलेली शाळा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत शुक्रवारची संध्याकाळ ही शाळेच्या फुटबॉलची असते. हा आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि पायापेक्षा हाताचा उपयोग जास्त. खेळणारी मुलं नववी ते बारावीची. न्यू जर्सीत, शिकागोच्या आसपास, डॅलसमध्ये राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांतली मुलं या शाळांत शिकतात, त्यामुळे तिथे दर मोसमात पेटणारा एक वाद आपल्याही काही श्रोत्यांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचलेला असेल: खासगी शाळांनी आणि सरकारी शाळांनी एकाच अजिंक्यपदासाठी लढावं का?

आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे पाटीवर ‘पब्लिक स्कूल’ दिसलं की फी भरपूर असणार हे कळतं. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. पब्लिक म्हणजे सरकारी, फी नाही. तिचा बराचसा खर्च तिथल्या घरपट्टीतून चालतो. आणि मुख्य म्हणजे तिला हद्द असते. अमुक रस्त्यापासून तमुक ओढ्यापर्यंत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला तिने घ्यायचं. सव्वासहा फुटी लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत धडक देणारा दांडगा गडी, त्या हद्दीत राहत असला तर नशीब, नसला तर नाही. खासगी शाळेला, मग ती कॅथलिक असो वा दुसरी, अशी हद्द नसते. तीस-चाळीस मैलांवरून मुलं येतात, आणि कोणाला घ्यायचं ते शाळा ठरवते.

हे एवढं महत्त्वाचं का, ते कळायला खेळाचा हिशेब बघावा लागतो. मैदानावर अकरा खेळाडू असतात, पण हल्ल्याचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. लाथ मारायच्या प्रसंगी तिसरंच पथक. म्हणजे मोठ्या शाळेचा संघ साठ-सत्तर मुलांचा सहज होतो. लहान शाळेकडे पंचवीस मुलं असतील तर तोच मुलगा हल्ल्यातही खेळतो आणि बचावातही. बारा-बारा मिनिटांचे चार डाव असतात. तिसऱ्या डावापर्यंत तो टिकतो, चौथ्यात त्याचे पाय जड होतात, आणि समोर ताज्या दमाचा शंभर किलोचा गडी उभा असतो. दुखापती इथेच होतात. बास्केटबॉलमध्ये दोन उत्तम पोरं लहान शाळेला तारून नेतात, फुटबॉलमध्ये तसं होत नाही. म्हणून पटसंख्येप्रमाणे शाळांचे गट पाडतात. बहुतेक राज्यांत दर दोन वर्षांनी पट मोजतात, मोठ्यापासून लहानापर्यंत यादी लावतात आणि रेघा मारतात. मुलामुलींच्या एकत्र पटावर गट ठरत असेल, तर फक्त मुलग्यांच्या शाळेचा पट बऱ्याच ठिकाणी दुप्पट धरतात.

प्रत्येक राज्याची संघटना स्वतंत्र आहे आणि राष्ट्रीय अजिंक्यपद नाहीच. त्यामुळे एकाच प्रश्नाची पन्नासेक उत्तरं तयार झाली आहेत. वादाची खरी गंमत त्या उत्तरांत आहे.

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे वेगळ्या चुली. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये सरकारी शाळांची संघटना वेगळी, खासगींची वेगळी. टेक्सासची मोठी संघटना सरकारी शाळांचीच आहे. २००३ च्या सुमारास तिने डॅलस आणि ह्यूस्टन इथल्या दोन जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक धर्मसंघाच्या, शाळांना आत घेतलं, पण खासगी शाळांचा मोठा गोतावळा अजूनही बाहेरच आहे. न्यू जर्सीत संघटना एक, पण फुटबॉलच्या बाद फेरीत खासगी शाळांचे गट वेगळे. ऐकायला सुटसुटीत वाटतं. अडचण अशी, की खासगी शाळा मुळात कमी. मग तेच चार-पाच संघ वर्षानुवर्षं एकमेकांशीच खेळतात. शिवाय मोसमातले साखळी सामने एकाच लीगमध्ये असले, तर सप्टेंबरात साठ-शून्यचे निकाल लागायचे ते लागतातच. बाद फेरी वेगळी केली म्हणून ते थांबत नाहीत.

दुसरं उत्तर गुणकाचं. अलाबामाने १९९९ मध्ये खासगी शाळेचा पट १.३५ ने गुणायला सुरुवात केली. इलिनॉयने २००५ च्या सुमारास १.६५ हा आकडा आणला. हिशेब करून बघा. ४०० मुलांच्या खासगी शाळेचा पट १.३५ ने ५४० होतो, १.६५ ने ६६०. शाळा एक-दोन गट वर ढकलली जाते. इलिनॉयने एक शहाणपण मात्र केलं. गुणक ‘खासगी’ शाळेला न लावता ‘हद्द नसलेल्या’ शाळेला लावला, म्हणजे शहरभरातून मुलं घेणारी सरकारी शाळाही त्यात आली. आमच्या मते या वादातला सगळ्यात नेमका शब्द हाच. फी कोण भरतं यापेक्षा मुलं कुठून येतात हे मैदानावर दिसतं.

तरीही गुणक हे बोथट हत्यार आहे. तो लागतो कोणाला, ते बघा. खेड्यातली १५० मुलांची कॅथलिक शाळा, जिने कधी विभागसुद्धा जिंकला नाही, तिचा पट एकदम २४८ धरला जातो आणि तिची पोरं आपल्याहून मोठ्या शाळांकडून मार खातात. आणि जी खासगी शाळा खरोखर बलाढ्य आहे ती आधीच सर्वात वरच्या गटात बसलेली असते. तिच्या वर गटच नाही, मग गुणून ढकलणार कुठे? म्हणजे शिक्षा दुबळ्याला, दांडगा मोकळा. इलिनॉयला हे उमगलं म्हणून त्यांनी सूट ठेवली: अलीकडच्या वर्षांत फारसं यश नसेल तर गुणक लावायचा नाही. मिसूरीने १.३५ चा गुणक बरीच वर्षं चालवला आणि २०२० मध्ये मोडीत काढून यशावर आधारलेला नियम आणला.

ओहायोची गोष्ट थोडी निवांत सांगण्यासारखी आहे, कारण तिथे मोजणी पोरागणिक होते. तिथल्या शाळांनी याच प्रश्नावर तीन वेळा मतदान करून प्रस्ताव पाडला. चौथ्यांदा, २०१४ मध्ये, तो मंजूर झाला आणि २०१७ च्या मोसमापासून लागू झाला. पद्धत अशी: शाळेचा पट धरायचा, मग संघाची यादी काढायची आणि प्रत्येक खेळाडूमागे विचारायचं, याचं घर कुठे आहे आणि हा सातवीपासून कुठे शिकतोय. हद्दीतला, पहिल्यापासूनचा मुलगा असेल तर काही वाढत नाही. बाहेरून आलेला असेल तर त्या खेळाच्या आकड्याने गुणून पटात भर. फुटबॉलसाठी सुरुवातीला हा आकडा २ होता. म्हणजे मुलग्यांचा पट ३०० आणि संघात ३० बाहेरचे असले तर ३०० अधिक ६०, म्हणजे ३६०. जिथे मैदानावर कमी खेळाडू असतात त्या बास्केटबॉलसारख्या खेळांत आकडा याहून मोठा ठेवला, कारण पाच जणांच्या संघात बाहेरचा एकच मुलगा सामना फिरवतो. खासगी शाळांना पहिल्यापासूनची मुलं म्हणजे त्यांच्याशी जोडलेल्या प्राथमिक शाळांतून आलेली मुलं. हा नियम सरकारी शाळांनाही लागतो, म्हणून तो जास्त न्याय्य. पण कागदपत्रं! शाळेच्या क्रीडा संचालकाला प्रत्येक मुलाचा पत्ता आणि शाळेचा इतिहास भरावा लागतो, आणि घटस्फोटित आईबापांची दोन घरं असली की एका रकान्यासाठी दोन फोन होतात.

आता फोडाफोडीकडे येऊ. हा शब्द आपण राजकारणासाठी वापरतो, पण इथेही चपखल बसतो. खेळासाठी मुलगा फूस लावून आणणं सगळ्याच राज्यांत नियमाबाहेर आहे. यावरचा गाजलेला खटला टेनेसीचा. १९९७ मध्ये ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने आठवीतल्या काही मुलांना पत्र पाठवलं. मुलांचा प्रवेश आधीच ठरलेला होता. पत्रात वसंतातल्या सरावाला येण्याचं आमंत्रण होतं, आणि खाली सही ‘तुमचा प्रशिक्षक’. राज्य संघटनेने शाळेला ३,००० डॉलर दंड केला, चार वर्षं देखरेखीखाली ठेवलं आणि फुटबॉल व मुलग्यांच्या बास्केटबॉल संघांना दोन वर्षं बाद फेरीबाहेर काढलं. शाळा कोर्टात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात दोनदा पोचलं. २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की अशी संघटना शासनाच्याच हाताने चालते, तेव्हा तिला राज्यघटना पाळावी लागेल. २००७ मध्ये मात्र न्यायालय म्हणालं, शाळकरी मुलांना असं बोलावण्यावर संघटनेने बंदी घातली तर भाषणस्वातंत्र्याचा भंग होत नाही. एका पत्रापायी दहा वर्षं गेली. त्याच १९९७ मध्ये टेनेसीत खेळाडूंना आर्थिक मदत देणाऱ्या खासगी शाळांसाठी वेगळा विभागही झाला.

आपल्याकडे हे ऐकून भुवया उंचावतील. सचिन तेंडुलकरला आचरेकर सरांच्या सल्ल्याने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात घातलं, आणि पुढे १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात त्याने कांबळीबरोबर ६६४ धावांची भागी केली. मुंबईत याला कोणी फोडाफोडी म्हटलं नाही, चांगल्या गुरूकडे जाणं म्हटलं. टेनेसीत असा शाळाबदल झाला असता तर आधी चौकशी समिती बसली असती.

खासगी शाळांची बाजूही पोकळ नाही. तिथले पालक घरपट्टी भरतात आणि वर फीही भरतात. शहरातल्या कितीतरी कॅथलिक शाळा गरीब वस्त्यांतली मुलं शिष्यवृत्तीवर शिकवतात. शिवाय फ्लोरिडासारख्या राज्यात २०१६ च्या कायद्यापासून सरकारी शाळाही हद्दीबाहेरच्या मुलाला घेऊ शकतात आणि तो लगेच खेळू शकतो. तिथे ‘बिचारी हद्दीतली सरकारी शाळा’ हे चित्र बरंच पुसट झालंय. फ्लोरिडाने २०२२ आणि २०२३ चे मोसम वेगळाच प्रयोग केला. खासगी-सरकारी न बघता मोठ्या शहरी जिल्ह्यांतल्या शाळा एकीकडे आणि बाकीच्या दुसरीकडे. दोन वर्षांत तोही गुंडाळला.

तिसरा मार्ग यशाच्या मोजणीचा. इंडियानाने तो २०१२ मध्ये ठरवला. सुरुवातीच्या नियमात विभाग जिंकला की १ गुण, प्रदेशाला २, उपांत्य टप्प्याला ३, राज्याचं अजिंक्यपद मिळालं तर ४. दोन वर्षांत ६ गुण झाले की शाळा वरच्या गटात. शाळा खासगी की सरकारी, कोणी विचारत नाही. इंडियानापोलिसची कॅथीड्रल ही कॅथलिक शाळा चौथ्या गटात तीन वर्षं सलग जिंकली, वर ढकलली गेली, आणि पाचव्या गटातही लगेच जिंकली. नियमाचं काम झालं असंच आम्ही म्हणू, कारण खालच्या गटातल्या शाळांना निदान श्वास घेता आला. खोट एकच: ज्या पोरांनी चषक जिंकला ती बारावी होऊन निघून जातात आणि त्याचं ओझं नववीतल्या पोरांच्या डोक्यावर येतं.

पेनसिल्व्हेनियात १९७२ च्या कायद्याने खासगी शाळा सरकारी शाळांच्या संघटनेत आल्या. सर्वात वरच्या गटात फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफ्स प्रेप या जेझुइट शाळेने २०१८, २०१९ आणि २०२० असं सलग अजिंक्यपद घेतलं, तेव्हा ओरड टिपेला पोचली. तिथलं सूत्र दुहेरी आहे: यशाचे गुण आणि बाहेरून आलेले खेळाडू, दोन्ही भरले तर वर जा. हे सूत्र आलं खासगी शाळांच्या ओरडीतून, आणि अडकली कोण? अलिक्विपा. ओहायो नदीकाठचं पोलाद कारखान्याचं गाव, कारखाना कधीच बंद पडलेला, शाळा सरकारी आणि पट सर्वात लहान गटाचा. पण माइक डिटका, टाय लॉ आणि डॅरेल रेव्हिस हे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेले खेळाडू याच शाळेचे. ही शाळा पटाच्या हिशेबाने पहिल्या, म्हणजे सर्वात लहान, गटातली असून चौथ्या गटात खेळत आली, आणि २०२१ मध्ये तिने त्या गटाच्या अंतिम सामन्यात बिशप मॅकडेव्हिट या कॅथलिक शाळेला हरवलं. संघटनेने तिला पाचव्या गटात ढकलायचं ठरवलं तेव्हा शाळा कोर्टात गेली. मुद्दा सुरक्षिततेचा होता: आमच्याकडे तेवढ्या वजनाची तेवढी पोरंच नाहीत. २०२४ मध्ये कोर्टाने तिला चौथ्या गटात राहू दिलं. गरीब वस्तीत भाड्याचं घर सुटलं की पोर आजीकडे राहायला जातं आणि शाळा बदलते. कागदावर तेही ‘बाहेरून आलेला खेळाडू’ दिसू शकतं.

म्हणून मिनेसोटाची रीत आम्हाला सगळ्यांत समजूतदार वाटते. तिथे गट पाडताना मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणाऱ्या मुलांच्या संख्येचे ४० टक्के पटातून वजा करतात. पट १,००० आणि त्यातली ५०० मुलं सवलतीत जेवत असतील तर २०० वजा, गटासाठी ८००. ज्याला संध्याकाळी दुकानात काम करायचं आहे, धाकट्या भावंडांना सांभाळायचं आहे, ज्याला उन्हाळी शिबिराची फी झेपत नाही, तो मुलगा पटावर असतो पण मैदानावर नसतो. हे तिथल्या लोकांनी आकड्यात बसवलं.

राहता राहिला कॅलिफोर्नियाचा दक्षिण विभाग. तिथे २०१६ ते २०२४ या काळात पहिल्या गटाची (इथे पहिला म्हणजे सर्वात वरचा) अजिंक्यपदं मेटर डे आणि सेंट जॉन बॉस्को या दोनच कॅथलिक शाळांनी वाटून घेतली. गट आता पटावर नव्हे तर त्या मोसमातल्या ताकदीच्या क्रमवारीवर ठरतात, साखळी सामने संपल्यावर. त्याने बाकीच्या शाळांना आपल्या तोलामोलाचे सामने मिळाले, ही मोठी गोष्ट. पहिल्या गटाचं कोडं मात्र या सूत्राने सुटलं नाही.

श्रोत्यांपैकी कोणाचा भाचा, नातू तिकडे शाळा बदलणार असेल आणि त्याला खेळायचं असेल, तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी नव्या शाळेच्या क्रीडा संचालकाला लेखी विचारायला सांगा. बऱ्याच राज्यांत कुटुंबाने घर न बदलता शाळा बदलली तर मुख्य संघातून वर्षभर बाहेर बसावं लागतं. कॅलिफोर्नियात पहिल्या बदलाला साधारण अर्धा मोसम. घर बदललं असेल तर भाडेकरार आणि विजेचं बिल हाताशी ठेवा, आणि जुनं घर खरंच सोडलं आहे याचा पुरावाही. प्रवेश पक्का होण्याआधी नव्या प्रशिक्षकाशी सरावाबद्दल बोलू नका. ब्रेंटवुडच्या मुलांचा प्रवेश तर पक्का झालेला होता.

नमस्कार.