वीस घरांची टोपली

[पहाट. बॅटरीच्या उजेडात मेथी उपटणारे हात.]

जानेवारी, सकाळचे साडेपाच. मेथी दव असतानाच उपटायची. ऊन चढलं की पानं माना टाकतात. मुळांची माती झटकायची, जुड्या सावलीत गोणपाटावर पसरायच्या आणि दव सुकलं की मगच क्रेटमध्ये भरायच्या. ओली जुडी आतून तापते, संध्याकाळपर्यंत पिवळी पडते.

[वजनकाटा.]

२० घरं, प्रत्येकी ५ किलो भाजी. आठवड्याला १०० किलो. घरं आगाऊ पैसे देऊन पिकात वाटा घेतात, ती ही वाट्याची शेती. तिच्यात हा आकडा आधी ठरतो, बियाणं मागाहून येतं. घरांनी ३ महिन्यांचे पैसे पेरणीआधीच दिलेत, आणि तेही किलोच्या भावाने नाहीत. बियाणं, शेणखत, मजुरी, टेम्पो, सगळ्याची बेरीज भागिले २०. या बेरजेत घरच्या माणसांची मजुरी धरायची राहून जाते. पहिल्या हंगामाचा तोटा बहुधा तिथलाच.

[वरून दिसणारे वाफे.]

मेथीचे हे तीन वाफे बघा: एक गुडघ्याखाली, एक वीतभर, एक नुकता उगवलेला. दर ८–१० दिवसांनी एकेक पेरलाय. मेथी २५–३० दिवसांत निघते, कोथिंबीर ४०–४५ घेते. म्हणून धने आधी पडले, तेही रगडून, दोन फाकी करून. सगळं एकाच दिवशी पेरलं तर एका आठवड्यात घरटी पाच जुड्या, आणि पुढे नुसता मुळा. सलग तिसऱ्या आठवड्याचा मुळा कुठलंच घर माफ करत नाही.

[टोपली भरताना.]

तळाला कोबी आणि गाजर, त्यावर वांगी, मग टोमॅटो. टोमॅटो रंग वळताच तोडलेला. पूर्ण लाल झालेला वाटेतच फुटतो. मेथी सगळ्यात वर.

[अळीने पोखरलेलं वांगं, जवळून.]

या आठवड्यात वांगी निम्मीच. पैसे परत नाहीत. पिकात वाटा तसा नुकसानीतही. १९८६ साली अमेरिकेत अशी शेतं सुरू झाली तीही याच अटीवर. पैसे घेतानाच हे सांगितलं नाही, तर घरं गळतात. पावसाळ्यात पालेभाजी सडते, तेव्हा वेलभाज्या आणि अळू.

[टेम्पो.]

सगळ्या टोपल्या एकाच सोसायटीच्या फाटकाशी उतरतात. दारोदार फिरलं तर २१वा वाटा डिझेलचा. घरं खाली येऊन टोपली नेतात, गेल्या आठवड्याची रिकामी परत देतात.