उत्तराचं पाकीट

अध्यक्ष महोदया, वाचनालयाची कार्यकारिणी, समोर बसलेले वाणिज्य शाखेचे प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय 'हिशेब, कारभार आणि खेळ : मॅनेजमेंटच्या वर्गातल्या केस स्टडी'. पहिल्या दोन रांगांतली मुलं खेळासाठी आली आहेत, हे त्यांच्या अंगावरच्या निळ्या जर्सीवरूनच कळतंय. खेळाकडे मी येणार, शब्द देतो. पण वाट हिशेबाच्या गल्लीतून जाते.

केस स्टडी ही शिकवण्याची पद्धत आपल्याकडे रुजली ती मुख्यतः अहमदाबादच्या आयआयएममुळे. १९६१ मध्ये ती संस्था हार्वर्डच्या मदतीनं उभी राहिली आणि पद्धतही तिथूनच आली. एका खऱ्या कंपनीची खरी अडचण वर्गासमोर ठेवायची आणि विचारायचं, तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं? पद्धत उत्तम आहे. माझी तक्रार ती वापरण्याच्या रीतीबद्दल आहे आणि गेली कित्येक वर्षं ती मनात साचली आहे. आपण गोष्ट शेवटाकडून सांगतो.

हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचंच घ्या. ७ जानेवारी २००९. कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहिलं आणि वर्षानुवर्षं फुगवलेले आकडे कबूल केले. त्या पत्रात वाघाचा उल्लेख आहे : वाघावर बसलो होतो, त्यानं खाऊ नये असं उतरायचं कसं ते कळत नव्हतं. प्रत्येक वर्गात हा वाघ येतो. अर्धा तास त्याच्यावर चर्चा होते, मुलं लिहितात 'लोभ', मास्तर फळ्यावर लिहितात 'नीतिमत्ता', आणि घंटा होते. अहो, लोभ शिकवायला बी.कॉम.च्या वर्गाची गरज काय? तो घरी, दारी, लग्नाच्या याद्यांत, सगळीकडे फुकट शिकायला मिळतो.

त्याच पत्रातले आकडे मात्र कुणी वाचत नाही. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत उत्पन्न दाखवलं २,७०० कोटी, खरं २,११२ कोटी. कामकाजातला नफा दाखवला ६४९ कोटी, खरा ६१ कोटी. आता वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी करा. दोन्हीकडे फरक येतो ५८८ कोटी. तोच आकडा! म्हणजे खोट्या विक्रीला एक रुपयाचाही खर्च जोडलेला नव्हता. खोटं बिल फाडायला प्रोग्रॅमरचा पगार लागत नाही.

पण बिल फाडलं की पुढे पंचाईत सुरू होते. बिलाचे पैसे येणं बाकी दिसतं. येणी साचत गेली की ऑडिटर विचारतो, वसुली का होत नाही? म्हणून वसुली झाली असं दाखवायचं. वसुली झाली तर पैसे बँकेत हवेत. बँकेत इतके पैसे नुसते पडून आहेत म्हटलं तर कुणीही भुवया उंचावेल, म्हणून मुदत ठेवी दाखवायच्या. ठेवी आल्या की व्याज आलं, म्हणून खोटं व्याजही लिहायचं. त्या पत्रातच आहे : बँकेतल्या आणि हातातल्या शिलकेत ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत आणि न जमलेलं ३७६ कोटींचं व्याज जमेला धरलंय. विक्रीत सुरू झालेलं खोटं शेवटी येऊन बसलं बँकेच्या शिलकेत. म्हणजे सगळ्यात सोप्या जागी, जिथे एक पत्र टाकून खरं-खोटं कळतं. मग ते पत्र कुणी टाकलं, आणि उत्तर कुणाच्या हातात पडलं? केस इथून सुरू व्हायला हवी.

इथे मी तुम्हाला माझ्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सी.ए. सरांच्या हाताखालच्या उमेदवारीच्या दिवसांत नेतो.

मी जेमतेम विशीतला होतो. एका तालुक्याच्या गावी, एका व्यापारी पेढीच्या ऑडिटला सरांनी मला पाठवलं. पेढीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. दुकानामागे मोठी खोली, भिंतीला लाल कापडात बांधलेल्या वह्या, वर पंखा आणि खाली गादी. पेढीचे मुनीम अतिशय लाघवी. दर तासाला चहा. मी तेरजा, म्हणजे खात्यांच्या बेरजा, टॅली केल्या, पावत्या तपासल्या आणि बॅलन्स कन्फर्मेशनचं पत्र तयार केलं : अमुक तारखेला या पेढीची तुमच्या शाखेत शिल्लक किती, ठेवी किती, त्यांवर कसला बोजा आहे का, ते कृपया कळवावे. सोबत सरांच्या ऑफिसचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट.

मुनीम म्हणाले, ''अहो, पोस्टात कशाला टाकता? बँक हाकेच्या अंतरावर आहे. मीच घेऊन येतो, तुम्ही जेवून घ्या.'' मी जेवलो. मटकीची उसळ होती, आजही चव आठवते. ताटावरून उठेपर्यंत पत्र हजर. बँकेचा गोल शिक्का, जांभळी शाई, मॅनेजरची सही, ठेवीचा आकडा पैशापर्यंत बरोबर. मी खूश. फाईलला लावलं आणि संध्याकाळच्या एसटीनं परतलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी फाईल उघडली. ते पत्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, ''शिक्का कुठाय?'' मी गोल शिक्क्यावर बोट ठेवलं. सर म्हणाले, ''हा बँकेचा. मी पोस्टाचा विचारतोय.''

सर ओरडले नाहीत. त्यांनी मला नवं पत्र टाईप करायला लावलं, स्वतः पाकीट चिकटवलं आणि रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवायला सांगितलं. पोस्टाच्या रांगेत मी उभा राहिलो. अकरा दिवसांनी उत्तर आलं, आमच्या पत्त्यावर. ठेवीचा आकडा तोच होता. पण खाली एक ओळ जास्त होती : सदर ठेव अन्य फर्मच्या कर्जापोटी तारण आहे. ती फर्म मालकांच्या सख्ख्या भावाची. मुनीमजींनी आणलेल्या पत्रात ती ओळ नव्हती. ते पत्र खोटं होतं असंही म्हणता येत नाही. त्यात फक्त तेवढंच होतं जेवढं त्यांनी मागितलं.

तेव्हापासून मी पाकिटावर पोस्टाचा शिक्का आधी बघतो, आतलं पत्र नंतर.

हे इतकं लांबवलं, कारण २०११ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या एसईसीनं सत्यमच्या ऑडिटर फर्मवर कारवाई केली तेव्हा नेमका हाच दोष सापडला. बँकेला पाठवायची खातरजमेची पत्रं पाठवण्याचं आणि उत्तरं घेण्याचं काम फर्मचे लोक सर्रास क्लायंटच्याच हाती सोपवत होते. तिकडे मुनीम, इकडे मल्टिनॅशनल नाव लावणारी फर्म. फरक पाच हजार कोटींचा. पत्रावरचा ताबा ऑडिटरनं सोडू नये, हे ऑडिटच्या मानकांत स्पष्ट लिहिलेलं आहे. प्राध्यापक मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे : हे मानक परीक्षेपुरतं पाठ करून घेऊ नका. मुलांकडून खरोखर पत्र लिहून घ्या, पोस्टात टाकायला लावा.

(अध्यक्षांनी चिठ्ठी दिलीय, पंधरा मिनिटं. बरं.)

कारभाराकडे वळू. १६ डिसेंबर २००८. सत्यमच्या संचालक मंडळापुढे ठराव आला की राजू कुटुंबाच्या दोन मायटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना घ्याव्यात. मायटास म्हणजे रोमन अक्षरांत सत्यम उलटं लिहिलेलं. मंडळानं मंजुरी दिली. मंडळावर हार्वर्ड बिझनेस स्कूलचे कृष्ण पालेपू होते, हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता राममोहन राव होते. विद्वान माणसं, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्यापुढचा कागद आणला कुणी? ज्यांना विकायचं होतं त्यांनीच. भागधारक खवळले आणि काही तासांत व्यवहार मागे घ्यावा लागला. पुढे राजूंनीच लिहिलं की खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणायचा तो शेवटचा प्रयत्न होता. विद्वत्ता कितीही असो, मुनीमजींच्या हातून पत्र घेतलं की ती कामाला येत नाही.

आता खेळ, आणि फार थोडा वेळ उरलाय.

बीसीसीआयच्या नियमावलीत ६.२.४ हे कलम होतं : मंडळाच्या पदाधिकाऱ्याचा मंडळाच्या सामन्यांत व्यापारी हितसंबंध नसावा. २००८ च्या सुरुवातीला आयपीएलचे संघ विकले गेले. चेन्नईचा संघ घेतला इंडिया सिमेंट्सनं. त्या कंपनीचे प्रमुख एन. श्रीनिवासन तेव्हा मंडळाचे खजिनदार. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कलमात दुरुस्ती झाली : आयपीएल वगळून. २२ जानेवारी २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली. तोवर सहा वर्षं गेली होती. मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. 'एक राज्य, एक मत' म्हटल्यावर मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या आपल्या तिघांत कशी खळबळ उडाली, तेही आठवत असेल. त्यावर वेगळं बोलू.

शेवटची केस इटलीची. फुटबॉल क्लब खेळाडू विकत घेतो तेव्हा ती रक्कम कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकतो. ५० लाखांचा खेळाडू, पाच वर्षांचा करार, दर वर्षी १० लाख. दोन वर्षांनी पुस्तकी किंमत ३० लाख. तेव्हा ६० लाखांना विकला तर ३० लाख नफा लगेच, त्याच वर्षी. समजा दोन क्लबांनी खेळाडूंची अदलाबदल केली आणि दोघांनीही किंमत वाढवून लावली. पैसे जवळजवळ हलतच नाहीत, नफा दोघांच्याही पुस्तकात. जून २०२० मध्ये आर्थर हा खेळाडू स्पेनच्या बार्सिलोना क्लबहून इटलीच्या युव्हेंटस क्लबला गेला ७ कोटी २० लाख युरोंना आणि प्यानिच हा खेळाडू उलट दिशेनं ६ कोटींना. त्या काळातल्या युव्हेंटसच्या अशा अनेक व्यवहारांची चौकशी झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अख्ख्या संचालक मंडळानं राजीनामा दिला. जानेवारी २०२३ मध्ये शिक्षा म्हणून संघाचे लीगमधले १५ गुण कापले, एप्रिलमध्ये ते परत मिळाले, मे महिन्यात पुन्हा १० कापले, आणि संघ दुसऱ्यावरून सातव्या क्रमांकावर घसरला. मुलांनो, मैदानावर एकही चेंडू न हलता! खेळाडूची किंमत ठरवणारा तिसरा माणूसच तिथे नव्हता. पत्र लिहिणारा आणि उत्तर देणारा, दोघांनाही एकच आकडा हवा होता.

वेळ संपली. दाराजवळच्या टेबलावर मी झेरॉक्स ठेवल्या आहेत. एका कंपनीचा ताळेबंद आहे, नाव आणि वर्ष खोडलेलं. तिचं पुढे काय झालं ते मी सांगणार नाही, कदाचित काहीच वाईट झालं नसेल. घरी न्या, आणि या ताळेबंदातल्या कोणत्या पाच आकड्यांसाठी तुम्ही पत्र टाकाल, कुणाला टाकाल, ते लिहून वाचनालयाच्या पत्त्यावर मला पाठवा. पोस्टानं.