लाकडाच्या बोटी आणि समुद्रातले सुरुंग

नमस्कार मंडळी. आज गोष्ट सांगायचीये काही छोट्याशा लाकडी बोटींची. बोटी इंग्लंडात बांधलेल्या, खलाशी मात्र डच, आणि ते घर सोडून आलेले. १९४० च्या मे महिन्यात जर्मनांनी हॉलंड पाच दिवसांत घेतलं, राणी विल्हेल्मिना लंडनला पोचल्या आणि नौदलाची जी जहाजं निसटू शकली ती ब्रिटनला आली. पुढे ब्रिटिशांनी या लोकांना मोटर माइनस्वीपर दिले, म्हणजे समुद्रातले सुरुंग साफ करणाऱ्या बोटी. त्यातल्या लहान जातीच्या लांबीचं मोजमाप १०५ फूट धरायचे, खलाशी साधारण वीस. इंग्रजी आद्याक्षरं एम एम एस, म्हणून सगळे त्यांना लाडाने मिकी माऊसच म्हणायचे.

आता युद्धात लाकूड का, तर त्याचं कारण समुद्राच्या तळाशी होतं. जर्मन विमानं नदीच्या मुखाशी, बंदराच्या वाटेवर पॅराशूटने सुरुंग टाकून जायची. तो सुरुंग गप्प पडून राहायचा, वरून लोखंडी जहाज गेलं की तिथलं चुंबकीय क्षेत्र जरासं हलायचं आणि तेवढ्यावर तो फुटायचा. नोव्हेंबर १९३९ मध्ये असा एक सुरुंग इंग्लंडच्या शूबरीनेसला ओहोटीच्या चिखलात सापडला, जॉन औव्हरी नावाच्या नौदल अधिकाऱ्याने तो हाताने उघडला आणि मग त्याचं गुपित कळलं. लाकडाच्या बोटीत लोखंड कमी, म्हणून ती त्यातल्या त्यात बरी, पण इंजिन लोखंडाचंच ना, त्यामुळे धोका होताच.

काम कसं चालायचं ते बघा. दोन बोटी शेजारी शेजारी चालतायत, प्रत्येकीच्या मागे पाण्यावर तरंगणारी जाडजूड केबल, आणि दोघींनी ठरलेल्या क्षणी एकदमच खाऱ्या पाण्यात हजारो अँपिअरचा करंट सोडायचा, काही सेकंदच, मग थांबायचं, मग परत सोडायचा. असं तासन्‌तास. त्या करंटने पाण्यातलं चुंबकीय क्षेत्र हलायचं, म्हणजे सुरुंगाला वाटायचं जहाजच आलं, आणि सुरुंग असला तर मागे पाण्याचा डोंगर उभा राहणार. पुढे आवाजावर फुटणारे सुरुंग आले तेव्हा बोटीच्या नाकाशी हातोडा बसवला, तो पाण्यात ठणठण करत राहायचा. आणि काही सुरुंगांत तर मोजणी करणारं यंत्र असायचं हो, पहिल्या काही जहाजांना ते जाऊ द्यायचे आणि मग पुढच्यावर फुटायचे. म्हणजे काल साफ केलेली वाट आज साफ आहे असं कोणी म्हणूच शकत नव्हतं, रोज तीच वाट, परत परत. मला या माणसांचं मोठेपण इथेच दिसतं, एका दिवसाचा पराक्रम नाही तर रोज सकाळी उठून त्याच पाण्यात जायचं.

आणि या डच बोटींची नावं ऐका: मार्केन, टेर्शेलिंग, आमेलांड, व्लीलांड, बेवेलांड, थोलेन. सगळी त्यांच्या देशातल्या बेटांची नावं. घरी जाता येत नव्हतं, तिथे शत्रू बसलेला, म्हणून बेटं बोटीवर रंगवून सोबत ठेवली. मार्केन हे तर तेव्हा खरोखर पाण्याने वेढलेलं, खांबांवर उभ्या लाकडी घरांचं कोळ्यांचं गाव, जमिनीला तो बांधाने जोडला गेला १९५७ मध्ये.

त्याच नावाची बोट मे १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या चढाईच्या थोडंच आधी, थेम्सच्या मुखापाशी सुरुंगावर गेली आणि तिच्यावरचे बहुतेक खलाशी गेले. म्हणजे लाकूडही पुरलं नाही त्यांना. मला ते वाचून बराच वेळ काही सुचलं नव्हतं, कारण दुसऱ्यांची जहाजं सुखरूप जावीत म्हणून ती वाट साफ करणं हेच तर त्यांचं काम होतं.

लाकडी माइनस्वीपरचं हे शहाणपण युद्धाबरोबर संपलं नाही, १९५६ मध्ये आपल्या नौदलानेही ब्रिटनकडून तसेच लाकडी कवचाचे चार घेतले, कारवार, काकीनाडा, कन्ननोर आणि कडलोर, म्हणजे त्यांनाही किनाऱ्यावरच्या गावांचीच नावं. आणि डच किनाऱ्यावर तर शांतता झाली तरी सुरुंग तळाशी होतेच, त्यामुळे उरलेल्या मिकी माऊस बोटींना १९४५ नंतरही घराजवळच्या पाण्यात तेच काम करावं लागलं, आपापल्या बेटांच्या आसपास.